३९ कोटी बंदुका आणि दहा सेकंद

थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस म्हणजे 'ब्लॅक फ्रायडे', अमेरिकेतल्या वर्षभराच्या खरेदीचा सगळ्यात गर्दीचा दिवस. टीव्ही, खेळणी, थंडीचे कोट यांच्या जोडीला त्या दिवशी बंदुकाही सवलतीत मिळतात. दुकानातून बंदूक विकत घेताना गिऱ्हाइकाची माहिती एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासून घेतली जाते. २६ नोव्हेंबर २०२१ च्या ब्लॅक फ्रायडेला अशा १ लाख ८७ हजारांहून जास्त तपासण्या झाल्या. चोवीस तासांत वाटल्या तर दर सेकंदाला दोन.

त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांमध्ये जेम्स क्रम्बली हा मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावचा माणूस होता. पंधरा वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन गेला आणि त्याने ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. चारच दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, मुलाने ते पिस्तूल दप्तरातून ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये नेलं. चार विद्यार्थी मेले. त्यांची वयं १४, १६, १७ आणि १७. सात जण जखमी झाले, त्यांत एक शिक्षिका होती. पोलिसांनी पकडलं तेव्हा मुलाजवळ १८ गोळ्या शिल्लक होत्या. त्या मुलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. हा लेख त्याच्या आईवडिलांविषयी आहे, आणि त्यांच्यासारख्या लाखो आईवडिलांविषयी.

अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे किती बंदुका आहेत याची सरकारी मोजदाद नाही. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ सालासाठी केलेला अंदाज सगळीकडे वापरला जातो: ३९ कोटी ३० लाख. दर शंभर माणसांमागे १२० बंदुका. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख, तिच्या साडेतीनपट. दर सेकंदाला एक अशा वेगाने, न झोपता, न जेवता या बंदुका मोजत बसलं तर साडेबारा वर्षं लागतील. जगातल्या माणसांपैकी जेमतेम चार-साडेचार टक्के अमेरिकेत राहतात, पण जगभरच्या नागरिकांकडच्या बंदुकांपैकी ४६ टक्के तिथे आहेत. याच यादीत दुसरा क्रमांक भारताचा लागतो, ७ कोटी ११ लाखांचा, आणि त्यातल्या बहुतेक बेकायदा आहेत. तरी आपल्याकडे शंभर माणसांमागे हे प्रमाण पाचाच्या आसपास पडतं.

३९ कोटी हा आकडा मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्याने माझं मन बधिर केलं आहे. एवढ्या आकड्यापुढे कोणीच दोषी वाटत नाही. संस्कृती, राज्यघटना, बंदूक कंपन्या, राजकारण अशा प्रचंड शब्दांमध्ये जबाबदारी विरघळून जाते. म्हणून मला त्याहून लहान आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: ४६ लाख. अमेरिकेत इतकी मुलं अशा घरांत राहतात जिथे किमान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलपाबाहेर असते. २०११ च्या जनगणनेतल्या गोव्यासारख्या तीन राज्यांची माणसं एकत्र केली तरी ४६ लाख भरणार नाहीत. या मुलांपैकी जवळजवळ कोणीच कधी कोणावर गोळी झाडणार नाही, हे खरं आहे. पण ती बंदूक तिथे कोणी ठेवली, हे प्रत्येक घरापुरतं सांगता येतं. घरटी एक-दोन माणसं, नावानिशी.

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. मोटार अपघात मागे पडले, कर्करोग त्याआधीच मागे पडला होता. २०२१ साली ४,७५२ मुलं आणि किशोरवयीन बंदुकीने मेले. रोज तेरा. यात शाळेतल्या गोळीबारांचा वाटा अगदी थोडा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक मृत्यू खून आणि आत्महत्या यांचे; लहानग्याच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीचेही. शाळेतल्या गोळीबाराची बातमी जगभर जाते. त्याच संध्याकाळी कोणा सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या कपाटातलं पिस्तूल काढून स्वतःला संपवलं, ही बातमी गावाबाहेरही जात नाही. दोन्हींकडे बंदूक एकाच ठिकाणाहून आलेली असते.

ते ठिकाण ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळात शाळांवर झालेल्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यात बंदूक वापरणारे २५ होते. त्यांपैकी १९ जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून आणली होती. शंभरात ७६. निम्म्या प्रकरणांत ती सहज हाताला लागेल अशी होती, किंवा तिचा बंदोबस्त नावापुरता होता.

मला सगळ्यात जास्त हादरवून गेलेली आकडेवारी याहून साधी आहे. २०१८ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने १९९९ पासूनच्या, मुलांच्या हातून झालेल्या शाळेतल्या गोळीबारांचा धांडोळा घेतला. अशा घटना किमान १४५. त्यांपैकी बंदूक कुठून आली हे कळू शकलं ते १०५ घटनांत. त्या १०५ पैकी ८४ वेळा ती मुलाच्या स्वतःच्या, नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरातली होती. आणि बंदूक कुलपात ठेवली नाही म्हणून मालकाला शिक्षा झाली अशी प्रकरणं फक्त चार.

चौऱ्याऐंशीतली चार. वीस वर्षांत. कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. कित्येक राज्यांत बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. जिथे होता तिथे सरकारी वकिलांचे हात थबकत: या आईबापांनी आधीच सगळं गमावलंय, आता खटला कशाला? ही दया खोटी नव्हती. पण ती मेलेल्या मुलांच्या आईबापांच्या वाट्याला आलेली नव्हती.

मिशिगनमध्येही २०२१ साली तसा कायदा नव्हता. तरी ओकलंड काउंटीच्या सरकारी वकील कॅरन मॅक्डॉनल्ड यांनी गोळीबारानंतर तीन दिवसांत जेम्स आणि जेनिफर क्रम्बली या दोघांवर आरोप ठेवले. गंभीर निष्काळजीपणातून मनुष्यवध, प्रत्येकावर चार आरोप, एका मेलेल्या मुलामागे एक. आणि मग खटला उभा राहिला तो अगदी छोट्या आकड्यांवर.

शुक्रवारी पिस्तूल आलं. शनिवारी आई मुलाला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. हे पिस्तूल म्हणजे मुलाची नाताळची भेट आहे अशा अर्थाचं तिने समाजमाध्यमावर लिहिलं. सोमवारी वर्गात तो फोनवर गोळ्या शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने घरी कळवलं. त्यावर आईने मुलाला पाठवलेल्या संदेशाचा आशय असा: मी रागावले नाही, पण पकडलं जाऊ नये हे शिकायला हवं तुला. मंगळवारी सकाळी गणिताच्या कागदावर त्याने पिस्तूल काढलं, रक्ताने माखलेला माणूस काढला आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा, असं लिहिलं. शाळेने आईवडिलांना बोलावलं. समुपदेशकाच्या खोलीत ती बैठक सुमारे बारा मिनिटं चालली. मुलाला दोन दिवसांच्या आत मानसोपचार मिळाले पाहिजेत, असं शाळेने सांगितलं. आईवडील आपापल्या कामावर परत गेले आणि मुलगा वर्गात. चार दिवसांपूर्वी आम्ही याच्यासाठी पिस्तूल आणलंय, हे त्या बारा मिनिटांत दोघांपैकी कोणीही बोललं नाही. दप्तर कोणी उघडलं नाही. शाळेनेही नाही, आणि ते शाळेचं अपयश आहेच. पण घरात नवं पिस्तूल आहे हे त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं, आणि ते तिघं एकाच घरातले होते.

त्यानंतर सुमारे दोन तासांनी, १२ वाजून ५१ मिनिटांनी गोळीबार सुरू झाला. १ वाजून २२ मिनिटांनी आईने मुलाला संदेश पाठवला, असं करू नकोस. १ वाजून ३७ मिनिटांनी वडिलांनी पोलिसांना फोन केला की घरातलं पिस्तूल गायब आहे, गोळीबार करणारा माझाच मुलगा असेल. बातमी कानावर येताच दोघांच्याही मनात पहिली शंका स्वतःच्या मुलाची आली. सरकारी पक्षाचा अख्खा युक्तिवाद या दोन वेळांमध्ये सामावलेला होता: ज्यांना गोळीबारानंतर इतक्या लवकर कळलं, त्यांना आधी कळणं अशक्य नव्हतं.

घरझडतीत पिस्तुलासोबत मिळालेलं तारेचं कुलूप पाकिटातच सापडलं. अमेरिकेत २००५ पासून पिस्तूल विकणाऱ्या दुकानदाराने असं कुलूप किंवा तसलं साधन सोबत द्यायलाच हवं, असा केंद्रीय कायदा आहे. घरात आणखी दोन छोटी पिस्तुलं तिजोरीत होती. त्या तिजोरीचा सांकेतिक आकडा होता ०-०-०, कारखान्यातून येतो तोच. जेम्सच्या खटल्यात समारोपाच्या भाषणात मॅक्डॉनल्ड यांनी ते पिस्तूल हातात घेऊन ज्यूरीसमोर तारेचं कुलूप लावून दाखवलं. या कामाला दहाएक सेकंद लागतात.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी जेनिफर दोषी ठरली, १४ मार्चला जेम्स. दोन वेगळे खटले, दोन वेगळ्या ज्यूरी, निकाल तोच. अमेरिकेच्या इतिहासात शाळेतल्या सामूहिक गोळीबाराबद्दल आईवडील मनुष्यवधाचे दोषी ठरले ते पहिल्यांदाच. ९ एप्रिलला न्यायाधीश शेरिल मॅथ्यूज यांनी दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा सुनावली. ही शिक्षा मुलाला नीट वाढवता आलं नाही म्हणून नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा पाठ फिरवल्याबद्दल ती होती. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. वाईट आई किंवा कोरडा बाप असणं हा गुन्हा नाही आणि तो कधी होऊही नये. तसा झाला तर तुरुंग अपुरे पडतील, आणि आत कोण जाईल हे शेजारीपाजारी ठरवतील.

या खटल्यात एक अडचण आहे आणि ती मला अजून सुटलेली नाही. मुलावर प्रौढ म्हणून खटला भरला गेला आणि त्याने गुन्हा कबूल केला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली. म्हणजे त्याच्या खटल्यात तो स्वतःच्या कृत्याला पुरेपूर जबाबदार माणूस ठरला. आईवडिलांच्या खटल्यात तेच कृत्य मोठ्यांनी सांभाळायला हवं होतं अशा पोराचं ठरलं. पंधरा या एका आकड्याचे कायद्याने दोन अर्थ लावले. दोघांनाही दोषी धरता येतं, हे मला पटतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला मरेपर्यंत कोंडून ठेवायचं आणि त्याच्या आईबापांनाही त्याच कृत्याचा हिशेब मागायचा, तर मूल म्हणजे कोण याचं उत्तर तरी सरकारने दोन्हीकडे सारखं द्यायला हवं होतं.

शिक्षेच्या आकड्यांकडे पाहिलं की अस्वस्थता आणखी वाढते. ४ जुलै २०२२ रोजी शिकागोजवळच्या हायलंड पार्कमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, सात माणसं मेली. हल्लेखोर १९ वर्षांचा असताना त्याच्या बंदूक-परवान्याच्या अर्जावर वडिलांनी सही केली होती. बेपर्वा वर्तनाच्या सात सौम्य गुन्ह्यांची वडिलांनी कबुली दिली. शिक्षा ६० दिवस. हा गृहस्थ एकेकाळी त्याच गावात महापौरपदाची निवडणूक लढवलेला, गोरा. त्यानंतर सहाच महिन्यांनी व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात सहा वर्षांच्या मुलाने पहिलीच्या वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली. ती वाचली. मुलाची आई कृष्णवर्णीय. गांजा ओढत असताना बंदूक बाळगल्याबद्दल केंद्रीय न्यायालयाने तिला २१ महिने दिले, मुलाच्या हेळसांडीबद्दल राज्याच्या न्यायालयाने दोन वर्षं. मिळून पावणेचार वर्षं. राज्यं वेगळी, कलमं वेगळी, वागणूकही वेगळी. एका प्रकरणावरून दुसऱ्याला थेट माप लावता येत नाही. तरी सात मृत्यूंना दोन महिने आणि एका जखमेला पंचेचाळीस, हे आकडे शेजारी ठेवून कोणी विचारलं की हा नवा कायदेशीर बडगा कोणाच्या पाठीवर जास्त पडणार, तर तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही.

जॉर्जियात आकडा दुसऱ्या टोकाला गेला. मे २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या शाळा-हल्ल्याच्या धमक्यांवरून एफबीआयने कळवल्यामुळे स्थानिक पोलीस कॉलिन ग्रे या माणसाच्या घरी गेले, त्याच्याशी आणि तेरा वर्षांच्या मुलाशी बोलले. त्याच वर्षीच्या नाताळात वडिलांनी मुलाला एआर-१५ जातीची रायफल भेट दिली. ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपालाची हायस्कूलमध्ये चौदा वर्षांची दोन मुलं आणि दोन शिक्षक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी वडिलांना अटक झाली. मनुष्यवधाचे चार आरोप, प्रत्येकी कमाल दहा वर्षं. दुसऱ्या दर्जाच्या खुनाचे दोन, प्रत्येकी तीस. मुलांशी क्रौर्याचे आठ, प्रत्येकी दहा. सगळी मिळून १८० वर्षं, असं न्यायाधीशांनी पहिल्याच सुनावणीत सांगितलं. जेम्स क्रम्बलीच्या निकालाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

पैशांचा हिशेब तर चक्रावून टाकतो. मुलाने मुद्दाम केलेल्या इजेबद्दल आईवडिलांकडून वसूल करायच्या रकमेला अनेक राज्यांनी कमाल मर्यादा घातली आहे. मिशिगनच्या जुन्या कायद्यात ती २,५०० डॉलर आहे. टेक्ससमधल्या सँटा फे हायस्कूलमध्ये २०१८ साली दहा जण मारले गेले. त्या दाव्यात २०२४ साली ज्यूरीने ३३ कोटी डॉलरच्या घरात भरपाई ठरवली. पण हल्लेखोराचे आईवडील निष्काळजी नव्हते, असंही त्याच ज्यूरीने ठरवलं. म्हणजे त्यांच्या वाट्याला शून्य. बंदुका त्या घरातल्याच होत्या.

ऑक्सफर्डचा निकाल आला त्याच वर्षी, १९ मे २०२४ ला, पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता, हे कोणी विसरलेलं नाही. वडिलांवरही गुन्हा दाखल झाला, आणि अमेरिकेत चाललेला प्रश्नच आपल्या घराघरांत बोलला गेला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं कलम १९९ अ म्हणतं की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द. आणि मूळ गोष्ट पुढे आहे. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर. ज्या एका पायरीसाठी मिशिगनच्या सरकारी वकिलांना दोन वर्षं झगडावं लागलं, ती आपण गाड्यांच्या बाबतीत एका कलमात ओलांडली आहे. किल्ली कोणाच्या हाती द्यायची हे आईबाप ठरवतात, म्हणून उत्तरही त्यांनीच द्यायचं. माझ्या मते बंदुकीला हाच नियम लागू व्हायला हवा, आणि तो गोळी सुटण्याआधी लागू व्हायला हवा.

कारण खटला काहीही केलं तरी उशिराच येतो, आणि कुलपाचा परिणाम मात्र मोजता येतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मुलाच्या हातून आत्महत्या किंवा अपघात घडण्याचा धोका, बंदूक उघडी असलेल्या घरांशी तुलना केली तर, ती कुलपात असलेल्या घरांत ७३ टक्क्यांनी कमी होता. गोळ्या काढून ठेवलेल्या असल्या तर ७० टक्क्यांनी. आणखी एका अभ्यासाने २०१५ च्या आकड्यांवर गणित मांडलं: बंदूक उघडी ठेवणाऱ्या घरांपैकी फक्त पाचातल्या एका घराने ती कुलपात घातली असती, तर त्या एका वर्षात मुलांचे ७२ ते १३५ मृत्यू टळले असते. पाचातल्या एकाच घराने!

मी एक हिशेब करून पाहिला. ४६ लाख मुलांमागे प्रत्येकी एक उघडी बंदूक धरली आणि प्रत्येकीला दहा सेकंद दिले, तर एका माणसाला सगळी कुलपं लावायला रात्रंदिवस दीड वर्ष पुरेल. बंदुका मोजायलाच साडेबारा वर्षं लागत होती. आणि हे काम एका माणसाने करायचंही नाही. ज्याची बंदूक, त्याचे दहा सेकंद.

मिशिगनचा नवा कायदा १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अमलात आला, जेनिफर क्रम्बलीच्या निकालानंतर बरोबर सात दिवसांनी. घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाहीतर गोळ्या काढून तिला कुलूप लावायचं. ती उघडी ठेवली आणि मुलाने तिने कोणाचा जीव घेतला, तर मालकाला १५ वर्षांपर्यंत कैद. ऑक्सफर्ड ज्या ओकलंड काउंटीत आहे तिथेच ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स ही उपनगरंही आहेत. मोटार कंपन्यांमुळे तिथे स्थिरावलेली मराठी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या घरात बंदूक नसेलही. पण त्यांची मुलं शनिवारी मित्राकडे खेळायला जातात, वाढदिवसाला जातात, रात्री मुक्कामाला राहतात. तिथले बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षांपासून पालकांना एकच सांगत आले आहेत: मूल पाठवण्याआधी त्या घरी विचारा, बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का. आपल्या माणसांना हे विचारणं अवघड जातं, समोरच्याला राग येईल असं वाटतं. शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे आपण संकोच न करता सांगतोच. त्याच फोनवर हेही विचारावं.